अपुऱ्या दिवसांच्या बाळाला हात कसा लावायचा: स्थिर स्पर्श, कांगारू आणि मग मसाज

बाळ पेटीत असतं. नाकात नळी, छातीवर वायरी, पायाला लाल उजेड असलेली पट्टी. नर्स म्हणते, "लावा ना हात बाळाला," आणि आईबाबांचा हात पेटीच्या खिडकीपाशीच अडतो. कुठे धरायचं, किती दाबायचं, आपल्यामुळे मॉनिटर वाजला तर? ही भीती साहजिक आहे. ज्यांना अशा बाळाला पहिल्यांदाच हात लावायचा आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

आधी सगळ्यात महत्त्वाचं सांगून टाकतो. आधी हात स्थिर ठेवायला शिकायचं, मग बाळाला छातीशी धरायचं आणि मसाज सगळ्यात शेवटी. "मसाजने वजन वाढतं" एवढंच ऐकून आलेले पालक थेट शेवटच्या पायरीवर जातात आणि बाळ थकतं. क्रम पाळला तर स्पर्श हे औषधच आहे. पण औषध म्हटलं की मात्रा आली, वेळ आली आणि ते कुणाला द्यायचं नाही हेही आलं.

वजन खरंच वाढतं का?

या विषयातलं एक महत्त्वाचं काम उंदराच्या पिल्लांवर झालं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात सॉल शॅनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं, की पिल्लांना आईपासून दूर केलं तर त्यांच्या शरीरातलं वाढीचं हार्मोन उतरतं आणि पेशींच्या वाढीसाठी लागणारं एक एन्झाइमही कमी होतं. दूध तुटलं किंवा ऊब गेली म्हणून हे होत नव्हतं. ओल्या ब्रशने, आई चाटते तसं, पिल्लांच्या अंगावरून जोर देऊन फिरवलं की आकडे पुन्हा वर येत.

मग मायामी विद्यापीठात टिफनी फील्ड यांनी हीच कल्पना बाळांवर तपासली. १९८६ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ४० मुदतपूर्व बाळं, त्यातल्या निम्म्यांना रोज तीन वेळा, दर वेळी १५ मिनिटं, असा १० दिवस मसाज. मसाज मिळालेल्या बाळांचं वजन रोज ४७ टक्के जास्त वाढलं आणि ती सरासरी ६ दिवस आधी घरी गेली. दोन्ही गटांचं दूध जवळजवळ सारखंच होतं.

हे ४७ टक्के फार गाजले आणि बऱ्याचदा चुकीचे वाचले गेले. बाळाचं वजन ४७ टक्क्यांनी वाढलं, असा त्याचा अर्थ नाही. एका गटाचं वजन दिवसाला सुमारे १७ ग्रॅमने वाढत होतं, दुसऱ्याचं २५ ग्रॅमने. फरक ८ ग्रॅमचा, म्हणजे जेमतेम दीड छोटा चमचा दुधाएवढा. पण सव्वा किलोच्या बाळाला रोजचे ८ ग्रॅम म्हणजे दहा दिवसांत ८० ग्रॅम, आणि ते काही थोडे नाहीत.

पुढे अनेक अभ्यास झाले. २००४ साली कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यासांची छाननी करणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात ते एकत्र तपासले तेव्हा सरासरी फायदा निघाला रोज ५ ग्रॅमच्या आसपास, आणि रुग्णालयातला मुक्काम ४ ते ५ दिवसांनी कमी. पण त्याच आढाव्यात असंही म्हटलं आहे, की यातल्या बऱ्याच अभ्यासांची पद्धत कच्ची होती, त्यामुळे यावर फार मोठे इमले बांधू नयेत. मला हे मूल्यमापन योग्य वाटतं. मसाज करावा, पण त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नये.

वजन वाढतं ते का, याचं एक पटण्यासारखं उत्तर आहे. त्वचेवर मध्यम दाब पडला की व्हेगस नावाच्या मज्जातंतूचं काम वाढतं. ही नस मेंदूतून निघून हृदय, जठर आणि आतड्यांपर्यंत जाते. तिचं काम वाढलं की जठराची हालचाल सुधारते, इन्सुलिन आणि त्याच्यासारखा एक वाढीचा घटकही वाढतो, आणि पोटात गेलेलं तेवढंच दूध अंगी लागतं. इथे 'मध्यम दाब' हे शब्द महत्त्वाचे आहेत. अगदी हलक्या, पिसासारख्या स्पर्शाने बाळाला गुदगुल्या होतात, ते अंग आखडून घेतं, आणि तुलना करून पाहिली तेव्हा हलका हात फिरवलेल्या बाळांचं वजन कमी वाढलं. नवीन आईबाबा घाबरून नेमका तसाच हलका हात लावतात.

आता छातीशी धरण्याबद्दल. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी ही पद्धत सुरू केली. तिलाच 'कांगारू' म्हणतात. इन्क्युबेटर अपुरे, एका पेटीत एकाहून जास्त बाळं, जंतुसंसर्ग आटोक्यात येईना. तेव्हा त्यांनी बाळं आयांच्या छातीशी बांधली. अडचणीतून निघालेला हा तोडगा पुढे तपासात इतका टिकला, की आज सगळी साधनं असलेल्या रुग्णालयांतही तो वापरतात. घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया इथल्या पाच रुग्णालयांत १ किलो ते १.८ किलोच्या आतल्या बाळांवर झालेला मोठा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच कांगारू पद्धत सुरू केली, तर पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस बदलली: मुदतपूर्व आणि कमी वजनाच्या बाळांना जन्मल्याबरोबर कांगारू सुरू करा आणि दिवसाचे ८ ते २४ तास, जितकं जमेल तितकं द्या.

म्हणजे एका बाजूला रोजचे पाच ग्रॅम आणि दुसऱ्या बाजूला जीव. पालकांकडे वेळ आणि ताकद मोजकी असेल तर ती कांगारूला द्या, असं मी म्हणतो ते यासाठी.

पायरी पहिली: विचारून घ्या, हात तयार करा

बाळाजवळ जाण्याआधी नर्स किंवा डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. आज बाळाला हात लावला तर चालेल का? कुठे लावायचा नाही? कोणती वेळ बरी? कालचं उत्तर आज चालत नाही, रोज विचारायचं.

काही वेळा उत्तर "आज नको" असं येईल आणि त्याला कारण असतं. फार लवकर जन्मलेल्या बाळांत पहिले तीन दिवस मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो, म्हणून त्या काळात उचलणं, वळवणं शक्य तितकं कमी ठेवतात. बाळ शॉकमध्ये (म्हणजे रक्ताभिसरण कोलमडलेलं) असेल, स्वतःहून श्वास घेत नसेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल, पोट फुगलेलं असेल किंवा जंतुसंसर्गाचा जोर असेल तर मसाजचा विचारही करायचा नाही. व्हेंटिलेटरवरच्या पण स्थिर बाळालाही काही ठिकाणी छातीशी देतात, मात्र ते अनुभवी टीमच्या हातांनी आणि त्यांच्याच निर्णयाने.

हात धुणं ही इथे उपचारातलीच पहिली कृती आहे. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून ठेवा. नखं कापलेली हवीत. कोपरापर्यंत साबणाने धुवा, कोरडे करा आणि मग तळहात एकमेकांवर चोळून ऊबदार करा. थंड हाताने बाळ दचकतं आणि त्याची शक्ती दचकण्यात जाते. अत्तर, सुगंधी क्रीम नको. सर्दी, ताप, ओठावर पुरळ किंवा जुलाब असतील तर आधी सांगा, लपवू नका.

पायरी दुसरी: बाळ काय सांगतंय ते वाचा

इतक्या लवकर जन्मलेलं बाळ फारसं रडत नाही. त्याच्यात तेवढा जोर नसतो. 'पुरे' म्हणायला ते अंगाची भाषा वापरतं आणि ती भाषा थोड्या सरावाने वाचता येते.

बाळाच्या हाताकडे पाहा. बोटं सैल मिटलेली, हात तोंडाजवळ, कपाळावर आठी नाही, श्वास एका लयीत, रंग एकसारखा गुलाबी: बाळ निवांत आहे. आता पाची बोटं एकदम फाकली, हात 'थांबा' म्हटल्यासारखा वर आला, पाठ कमानीसारखी वाकली, जीभ बाहेर आली किंवा अंग एकदम लुळं पडलं, तर त्याला जास्त होतंय. नजर वळवणं, पाठोपाठ जांभया, शिंका, उचकी याही 'पुरे'च्याच खुणा. उचकी लागली की हसून "बाळ वाढतंय" म्हणण्याची आपल्याला सवय असते, पण हात लावल्यावर लगेच उचकी आली तर ती नोंद घेण्याजोगी आहे.

त्वचेचा रंग बदलणं, म्हणजे फिकट, निळसर किंवा चट्टेचट्टे दिसणं, ही याच्या पुढची खूण. श्वास थांबणं, हृदयाचे ठोके किंवा ऑक्सिजन उतरणं ही सगळ्यात पुढची. तेव्हा मॉनिटर वाजतो आणि पालक त्याच्याकडेच डोळे लावून बसतात. पण मॉनिटरवर आकडा उतरतो, त्याच्या आधी बऱ्याचदा बोटं फाकलेली असतात. म्हणून आकड्यांची काळजी नर्सवर सोपवा आणि तुम्ही बाळाकडे बघा.

खुणा दिसल्या तर हात एकदम काढू नका. हालचाल थांबवा, हात आहे तिथेच स्थिर ठेवा, बाळ सावरतं का ते पाहा. नाही सावरलं तर हळूच हात काढून घ्या आणि नर्सला हाक मारा. बाळ गाढ झोपेत असेल, पापण्या घट्ट मिटलेल्या, श्वास संथ, तर मुळात हात लावूच नका. झोपेतही वाढ होतेच.

पायरी तिसरी: नुसते हात ठेवा

ही कृती दिसायला एवढी साधी आहे की लोकांना ती कृती वाटतच नाही.

आधी हळू आवाजात बाळाशी बोला, म्हणजे स्पर्श अचानक येणार नाही. मग एक हात वाटीसारखा करून डोक्याच्या वरच्या भागाभोवती ठेवा, टाळूवर दाब न देता. दुसऱ्या हाताने बाळाचे दुमडलेले पाय पोटाकडे घेऊन तळव्यांना आधार द्या. बाळाचे हात छातीजवळ आले तर उत्तमच. गर्भाशयात चारही बाजूंनी जो बांध होता, तो आता तुमच्या दोन हातांनी द्यायचा आहे. थोपटायचं नाही, कुरवाळायचं नाही, बोट फिरवायचं नाही. हाताचं वजन बाळावर न टाकता, पण ठाम.

पाच ते दहा मिनिटं पुरेत. काढतानाही घाई नको. आधी एक हात सैल करा, थांबा, बाळ स्थिर आहे ना ते पाहा, मग दुसरा. दोन्ही हात एकदम काढले की बाळ दचकतं आणि मिळवलेली शांतता एका क्षणात जाते.

टाचेतून रक्त घेताना, नळी बदलताना किंवा चिकटपट्टी काढताना असा आधार दिला तर वेदनेचा त्रास कमी होतो, हे अभ्यासांतही दिसलं आहे. "मी धरू का?" असं नर्सला विचारा. बऱ्याच जणी आनंदाने हो म्हणतात, त्यांनाही तिसरा हात हवाच असतो. एक स्पष्ट करतो: नुसत्या स्थिर स्पर्शाने वजन वाढतं, असं आढळलेलं नाही. हा स्पर्श बाळाला शांत करण्यासाठी आणि तुम्हाला तुमचं बाळ ओळखता यावं यासाठी.

पायरी चौथी: कांगारू

इथे जास्त वेळ द्या.

तयारी आधी करा, कारण एकदा बसलं की उठता येत नाही. लघवीला जाऊन या, पाणी हाताशी ठेवा, फोन गप्प करा. समोरून उघडणारा सैल कपडा घाला, आतले कपडे काढा. आंघोळ रोजची पुरे, छाती दर वेळी साबणाने धुण्याची गरज नाही. पाठ टेकता येईल अशी, मागे कललेली खुर्ची किंवा पलंग हवा. बाळाच्या अंगावर फक्त डायपर, टोपरं आणि पायमोजे. कांगारूचा सगळा अर्थ त्वचेला त्वचा लागण्यात आहे, मध्ये झबलं राहिलं की ते नुसतं मांडीवर घेणं होतं.

पहिल्यांदा बाळाला पेटीतून छातीवर आणायचं काम दोघांचं. नर्स वायरी आणि नळ्या सांभाळते, तुम्ही बाळाला. एक हात मान आणि डोक्याखाली, दुसरा ढुंगणाखाली, हातपाय आत दुमडलेले. उचलून वळवताना बाळाचा ऑक्सिजन थोडा उतरू शकतो आणि बहुतेक बाळं छातीवर टेकल्यावर काही मिनिटांत सावरतात. हा ताण बाळाने सोसला आहे, तर त्याला त्याचा मोबदला मिळायला हवा. म्हणून किमान एक तास तरी घ्यायचं. पंधरा मिनिटांसाठी बाळ बाहेर काढणं हा तोट्याचा व्यवहार आहे.

आता ठेवण नीट पाहा. बाळ उभं, दोन्ही स्तनांच्या मधोमध, छातीला छाती. डोकं एका बाजूला वळलेलं आणि किंचित मागे, म्हणजे हनुवटी छातीवर टेकत नाही. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. बाळ खाली घसरतं, हनुवटी छातीत रुतते आणि श्वासाची वाट दबते. नाक आणि तोंड तुम्हाला सतत दिसलंच पाहिजे, दिसत नसेल तर आरसा मागून घ्या. हात कोपरात दुमडलेले, पाय बेडकासारखे फाकलेले आणि वर घेतलेले, बाळाचं पोट तुमच्या पोटाच्या वरच्या भागावर.

मग पट्टा किंवा मऊ कापड बांधा. वरची कड बाळाच्या कानाच्या जरा खाली. घट्टपणा बाळाच्या छातीच्या जागी, पोटाच्या जागी मात्र सैल, कारण इतकी लहान बाळं पोटाने श्वास घेतात. तुम्ही उभ्या राहिलात तरी बाळ घसरत नाही, इतपत पट्टा पक्का हवा. वरून कपडा ओढून घ्या, थंडी असेल तर दुपटं.

पुढचा तासभर काहीच करायचं नाही. पाठीवरून सारखा हात फिरवू नका. तुमचा श्वास, ठोके, आवाज आणि ऊब एवढं बाळाला भरपूर आहे. बाळाचं तापमान काखेत ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असायला हवं, नर्स मध्ये मध्ये पाहील. नळीतून दूध याच अवस्थेत देता येतं, थोडं मोठं झालेलं बाळ इथूनच स्तन शोधू लागतं. बऱ्याच आयांना कांगारूनंतर दूध जास्त येतं, म्हणून दूध काढायची वेळ त्याला जोडून ठेवा.

बाबांनाही हे सगळं तसंच जमतं. आजी, मावशी, काका, जे निरोगी आहेत त्यांनाही. दिवसाचे आठ तास एकट्या आईने भरायचे नसतात, विशेषतः टाके ताजे असताना. जुळी असतील तर दोघांनी दोन घ्यावीत.

डुलकी लागणार हे गृहीत धरा, म्हणून पाठ कललेली आणि पट्टा पक्का. पण गुंगीचं औषध घेतलं असेल, किंवा सोफ्यावर, आरामखुर्चीत पट्ट्याशिवाय नुसतं हातात धरलं असेल तर झोपायचं नाही. बाळ घसरून नाक दबण्याचा धोका खरा आहे. स्वयंपाक करताना किंवा कुणी सिगारेट ओढत असताना कांगारू नको.

पायरी पाचवी: मसाज

गर्भाचं वय धरून साधारण ३२ आठवडे झालेलं, श्वासाला स्थिर, दूध पचवणारं, वजन घेऊ लागलेलं बाळ असेल आणि डॉक्टरांनी हो म्हटलं असेल तर पुढे जा. पहिले काही दिवस नर्स किंवा फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली करा.

दूध पाजून किमान पाऊण तास झालेला असावा, नाहीतर उलटी. खोलीत वारा नको, उजेड मंद. एका वेळी तेवढाच भाग उघडा ठेवा.

तेल वापरायचं का, कोणतं, हे रुग्णालयालाच विचारा. तिसाव्या आठवड्याआधी जन्मलेल्या बाळाची त्वचा कागदासारखी पातळ असते. तिचा वरचा संरक्षक थर तयार व्हायला जन्मानंतर दोन ते चार आठवडे जातात. तोवर घासणं म्हणजे जंतूंना दार उघडून देणं. सुगंधी तेलं, उटणं, पीठ यातलं काहीही या बाळांना नको. नाकात, कानात, नाळेवर तेल घालणं तर कधीच नको.

फील्ड यांच्या अभ्यासांत वापरलेली पद्धत १५ मिनिटांची आहे, तिचे पाच-पाच मिनिटांचे तीन भाग.

पहिल्या भागात बाळ पालथं, डोकं एका बाजूला. बोटांच्या टोकांनी नाही, तर जुळवलेल्या बोटांच्या सपाट भागाने हात फिरवायचा. पाच जागा, प्रत्येकीला एक मिनिट: डोक्याच्या वरून मानेपर्यंत आणि परत, मानेपासून खांद्यांपर्यंत आणि परत, पाठीच्या वरच्या भागापासून कमरेपर्यंत आणि परत, मांडीपासून पावलापर्यंत आणि परत, खांद्यापासून पंजापर्यंत आणि परत. पाठीवर हात कण्याच्या दोन्ही बाजूंनी जातो, कण्यावर नाही. एकदा जाऊन यायला सुमारे पाच सेकंद. त्वचा हाताखाली किंचित हलावी, दाबल्या जागी रंग क्षणभर बदलावा, इतका दाब. लाल वळ उठला तर दाब जास्त, बाळाला गुदगुली झाली तर कमी.

दुसऱ्या भागात बाळ उताणं. एक हात धरून कोपरात हळू दुमडायचा आणि सरळ करायचा, असं सहा वेळा. मग दुसरा हात, एक पाय, दुसरा पाय, शेवटी दोन्ही पाय एकत्र पोटाकडे. अडलं तर जोर लावायचा नाही. या बाळांची हाडं कॅल्शियम आणि फॉस्फरस कमी पडल्याने ठिसूळ असू शकतात. डॉक्टरांनी तसं सांगितलं असेल तर हा भाग गाळा. तसं नसेल तर मात्र हाच व्यायाम हाडांच्या भरणीलाही मदत करतो, असं दिसलं आहे.

तिसरा भाग पहिल्यासारखाच.

पालथं घालणं मॉनिटर चालू असताना आणि माणूस समोर असतानाच. घरी गेल्यावर झोप नेहमी पाठीवर. सलाईनची सुई, चिकटपट्टी, नळीची जागा, ओरखडा किंवा पुरळ असलेला भाग सोडून द्यायचा. पहिल्या दिवशी पूर्ण पंधरा मिनिटं करण्याचा हट्ट नको. नुसत्या पाठीने सुरुवात करा, बाळ सोसतंय तसं वाढवा. मध्येच 'पुरे'ची खूण आली तर तिथे थांबा, आणि दोन्ही हातांचा बांध देऊन शेवट करा.

वाढ मोजताना

जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत वजन उतरतं, अंगातलं जास्तीचं पाणी जातं. बहुतेक बाळं दीड-दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत येतात. त्यानंतर किलोमागे दिवसाला साधारण १५ ते २० ग्रॅम वाढ अपेक्षित असते, म्हणजे १.४ किलोच्या बाळाला २१ ते २८ ग्रॅम.

वजन एकाच काट्यावर, एकाच वेळी, उघड्या अंगाने आणि दूध देण्याआधी करायचं. एका दिवसाचा आकडा काही सांगत नाही, एक मोठी शी किंवा सलाईनची वेगळी पट्टी त्याला खोटं पाडते. आठवड्याची सरासरी बघा. लांबी आणि डोक्याचा घेर आठवड्यातून एकदा. नुसतं वजन वाढतंय आणि घेर, लांबी जागच्या जागी असतील तर डॉक्टरांशी बोला. आणि वजन अडलं तर पहिला संशय मसाजवर नको, दुधाच्या प्रमाणावर आणि आजारपणावर घ्या. मसाज दुधाची जागा घेत नाही.

घरी आल्यावर वाढीच्या तक्त्यात बाळाची जागा शोधताना सुधारित वय धरा. ३२ व्या आठवड्यात जन्मलेलं बाळ आठ आठवडे आधी आलं. ते चार महिन्यांचं झालं की तक्त्यात साधारण दोन महिन्यांच्या रेघेवर पाहायचं. पहिली दोन वर्षं हा हिशेब चालतो. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच, आणि लस टोचलेली जागा चोळायची नाही.

घरी

कांगारू घरीही चालू ठेवा. वजन अडीच किलोच्या आसपास आलं की बाळ स्वतःच पट्ट्यातून हातपाय बाहेर काढतं, कुरकुरतं, त्याला गरम होतं. तेव्हा तास कमी करत बंद करा. मसाज त्यानंतरही, बाळ जागं आणि खुशीत असताना, दिवसातून एकदा-दोनदा पुरे. ज्यांनी रुग्णालयात शिकून घेतलं आहे त्यांनीच करावा. पाय वर धरून उलटं करणं, डोक्याला आकार देणं, नाक ओढणं, सांधे मोडून घेणं असं काही कुणी आग्रहाने सुचवलं तर ठाम नाही म्हणा, मग सांगणारं माणूस कितीही जवळचं असो.

श्वास थांबतो किंवा फार जोरात चालतो, ओठ निळसर, दूध ओढत नाही, अंग लुळं, जागं करूनही जागं होत नाही, पोट फुगलेलं, हिरवी उलटी, अंग गरम किंवा छातीशी घेऊनही गार: यातलं एकही दिसलं तर मसाज थांबवा आणि लगेच रुग्णालय गाठा. नेताना बाळाला छातीशीच ठेवा, वाटेत ऊब टिकवायचा तो सगळ्यात सोपा मार्ग आहे.